दिवसाला सात रुपये

अकरावीच्या हजेरीपटावर दिवाळीनंतर ज्या नावांपुढे सलग गैरहजेरी लागत जाते, त्यांतली बहुतेक मुलं फी भरता आली नाही म्हणून गेलेली नसतात. तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात बरीच वर्षं शिकवल्यावर एवढं मी खात्रीनं सांगू शकतो. अनुदानित तुकडीची फी फार नसते. मुलींना महाराष्ट्रात बारावीपर्यंतचं शिक्षण मोफत आहे आणि गरीब घरच्या मुलांनाही कुठल्या ना कुठल्या सवलतीत फी माफ होते. मुलं जातात ती वेगळ्याच कारणानं. त्यांना कुणी कॉलेजातून काढत नाही आणि तीही दाखला मागायला येत नाहीत. आधी आठवडी बाजाराचा दिवस चुकतो, मग त्याला लागून सोमवार. मग प्रॅक्टिकलची वही अपुरी राहते आणि वही अपुरी म्हणून प्रॅक्टिकलला यायची लाज वाटू लागते. जानेवारीत चौकशी केली की घरचं कुणीतरी सांगतं, ‘कामाला लागलाय, सर.’ मुलगी असेल तर, ‘स्थळ आलं होतं चांगलं.’

फी माफ केली म्हणजे शिक्षण फुकट झालं, असं सरकारी कागदावर मानलं जातं. वीस-बावीस किलोमीटरवरून येणाऱ्या मुलाचा दिवस जवळून पाहिला की हे मानणं टिकत नाही. मुलीला एसटीचा पास अहिल्याबाई होळकर योजनेतून बारावीपर्यंत मोफत मिळतो. मुलाला एक तृतीयांश भाडं भरावं लागतं. ही एसटीची सवलत आपल्याकडच्या सर्वांत चांगल्या शिक्षणयोजनांपैकी एक आहे, कारण ती रोज उपयोगी पडते आणि तिच्यासाठी वर्षभर वाट पाहावी लागत नाही. पण पास एसटीचा असतो. एसटी आली नाही की वडाप धरावं लागतं आणि त्याचे पैसे रोख द्यावे लागतात. घरून सकाळी निघालेलं पोर दुपारी तीनला परत पोचतं, मधे एखादा वडापाव. दुपारचं शालेय पोषण आहाराचं जेवण आठवीला संपलेलं असतं, जणू नववीपासून भूक लागत नाही. वह्या, जर्नल, परीक्षेचा फॉर्म, मोबाइलचं रिचार्ज, एक बरा शर्ट. यातली एकही रक्कम मोठी नाही, पण प्रत्येक रक्कम आई-बापाकडे हात पसरून मागावी लागते. आणि सोळा वर्षांच्या मुलाला मागणं नकोसं होतं, कारण तो आता कमावू शकतो हे त्यालाही ठाऊक असतं आणि घरालाही.

या वयाचं वेगळेपण इथंच आहे. दहा वर्षांच्या मुलाला शाळेत पाठवताना घराचा फारसा रोजगार बुडत नाही. सोळाव्या वर्षी बुडतो. लग्नसराईत केटरिंगवाल्याकडे वाढपी, वीटभट्टीवर, मार्केट यार्डात हमालीला, मोबाइलच्या दुकानात, कुठंही हे पोर चालतं. कायद्याचीही फारशी आडकाठी नाही. बालमजुरीच्या कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली तेव्हा चौदाच्या आतल्यांना कामाला ठेवायची बंदी आली, पण चौदा ते अठरा वयाच्या मुलांना फक्त धोकादायक उद्योगांत मनाई आहे. शिक्षणहक्काचा कायदा सहा ते चौदा वर्षांपुरताच आहे. म्हणजे चौदाव्या वर्षी शिकण्याचा हक्क संपतो आणि त्याच वर्षी मजुरीची वाट मोकळी होते. अकरावीत बसलेला गरीब घरचा प्रत्येक मुलगा रोज या दोन वाटांतून एक निवडत असतो. आपण त्याच्याकडे फक्त टक्क्यांच्या नजरेनं पाहतो.

आता या मुलाच्या हातात सरकार काय ठेवतं ते पाहू. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीची केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ही देशातली या प्रकारची सर्वांत जुनी आणि सर्वांत मोठी योजना. घरचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं. तिचे दोन भाग: एक फीची परतफेड आणि दुसरा विद्यार्थ्याला मिळणारा भत्ता. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं तिची पुनर्रचना केली, पाच वर्षांसाठी ५९,०४८ कोटींची तरतूद जाहीर केली आणि केंद्र-राज्य वाटा ६०:४० असा ठरवला. आधीच्या काळात केंद्राचा वाटा इतका अनियमित झाला होता की ही दुरुस्ती आवश्यकच होती. पण भत्त्याचा तक्ता वाचताना मी थांबलो. अभ्यासक्रमांचे चार गट आहेत. पहिल्या गटात डॉक्टर, इंजिनिअर वगैरे होणारे: वसतिगृहात राहणाऱ्याला वर्षाला १३,५०० रुपये, घरून येणाऱ्याला ७,०००. गटागणिक रक्कम उतरत जाते. चौथा, शेवटचा गट अकरावी-बारावी, आयटीआय आणि पदविकेच्या मुलांचा. वसतिगृहात राहणाऱ्याला ४,००० आणि घरून येणाऱ्याला २,५०० रुपये.

अडीच हजार रुपये वर्षाचे आहेत. दिवसाला सात रुपयेसुद्धा भरत नाहीत. रोजगार हमीवर महाराष्ट्रात २०२५-२६ साठी दिवसाची मजुरी ३१२ रुपये होती, म्हणजे वर्षभराचा हा भत्ता आठ दिवसांच्या खडी-मातीच्या कामाइतका झाला. आधीच्या, २०१० च्या दरांत याच गटातल्या घरून येणाऱ्या विद्यार्थ्याला महिना २३० रुपये मिळत, दहा महिन्यांचे २,३००. दहा वर्षांत वाढ झाली दोनशे रुपयांची. गुणवंतांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज गुणवत्ता शिष्यवृत्ती आहे. अनुसूचित जातीतल्या ज्या मुलाला दहावीला पंचाहत्तर टक्के किंवा जास्त मिळाले, त्याला अकरावी-बारावीत महिना ३०० रुपये. आयटीआयच्या मुलांना कित्येक वर्षं महिना ४० रुपये विद्यावेतन मिळत होतं. ते २०२३ मध्ये ५०० करण्यात आलं आणि ती वाढ योग्यच होती. पण चाळीस रुपये इतकी वर्षं चालू शकले यातून एवढं कळतं, की या वयाच्या मुलांचा हिशेब कुणी मांडतच नव्हतं.

मला या तक्त्यातला उतरता क्रम सर्वांत जास्त खटकतो. जो मुलगा वैद्यकीय प्रवेशापर्यंत पोचला तो गळण्याचा धोका जवळजवळ पार करून गेला आहे. त्याला मदत हवीच, आणि खरं तर आत्ता मिळते त्याहून जास्त हवी. पण जो अकरावीत डळमळतो आहे, ज्याच्या एका डिसेंबरवर पुढचं सारं आयुष्य अवलंबून आहे, त्याच्या वाट्याला सर्वांत कमी. मेक्सिकोत १९९७ मध्ये ‘प्रोग्रेसा’ ही गरीब कुटुंबांसाठीची योजना सुरू झाली. तिच्यात मूल जसजसं वरच्या इयत्तेत जाई तसतशी रक्कम वाढत जाई आणि माध्यमिक इयत्तांपासून मुलींना मुलांपेक्षा थोडी जास्त मिळे. कारण साधं होतं: मूल मोठं झालं की त्याची बुडणारी मजुरीही मोठी होते आणि मुलगी घरी बसवली जाण्याची शक्यताही. आपला तक्ता अभ्यासक्रमाची प्रतिष्ठा मोजतो. मुलाच्या घरातली ओढाताण त्यात कुठं मोजलेलीच नाही.

आपल्याला हे शिकायला मेक्सिकोला जायची गरज नव्हती. ज्यांनी महाराष्ट्रात गरिबांचं शिक्षण उभं केलं, त्या सगळ्यांनी पहिल्यांदा राहण्याचा आणि जेवणाचा प्रश्न हाती घेतला. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून वसतिगृहं उभी राहू दिली, जातीजातींच्या मुलांना छप्पर आणि ताट दिलं. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा त्यानंतर, १९१७ मध्ये आला. भाऊराव पाटलांच्या साताऱ्याच्या बोर्डिंगात धान्य संपलं तेव्हा लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं, ते मुलांच्या पोटासाठी. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या भीमराव आंबेडकरांना सयाजीराव गायकवाडांनी दिली ती महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती, आणि १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात जाताना महिना साडेअकरा पौंड. दोन्ही वेळा रक्कम महिन्याची होती. ज्यानं गरिबीत शिक्षण घेतलं आहे त्याला ‘महिन्याची’ या शब्दाचं मोल समजतं.

पुढं १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य झाले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांनी लॉर्ड लिनलिथगो यांना दलितांच्या गाऱ्हाण्यांचं सविस्तर निवेदन दिलं. उच्च शिक्षणासाठी सरकारी पैसा ही त्यातली एक ठाम मागणी होती. १९४४ पासून सुरू झालेली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती त्याच प्रयत्नांतून आली. पुढं ती आदिवासी आणि इतर मागास विद्यार्थ्यांपर्यंत नेण्यात आली. गेल्या ऐंशी वर्षांत महाराष्ट्रातल्या लाखो घरांतला पहिला पदवीधर या पैशावर शिकला. माझ्या अनेक सहकाऱ्यांच्या बोलण्यात ‘स्कॉलरशिप आली की’ हे शब्द अजूनही एखाद्या सणासारखे येतात. त्या काळी ती रक्कम जगायला पुरत होती. आज पुरत नाही, आणि ज्या वयाला ती सर्वांत कमी पुरते तिथंच ती सर्वांत कमी दिली जाते.

गेल्या दहा वर्षांत महाराष्ट्रानं निर्वाहासाठी काही नव्या योजना आणल्या. आदिवासी मुलांसाठी ‘स्वयम्’, ओबीसी मुलांसाठी ‘ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार’, शेतकरी आणि मजुरांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर जेवणाखाण्याला, खोलीला पैसे द्यावेत ही त्यांमागची कल्पना चांगली आहे. पण ‘स्वयम्’ आणि ‘आधार’ बारावीनंतर सुरू होतात आणि पंजाबरावांच्या नावाची योजना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. २०२४ मध्ये कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलींसाठी व्यावसायिक शिक्षणाची पूर्ण फी माफ झाली, तीही मुख्यतः ज्या मुली बारावीचा उंबरठा ओलांडून गेल्या त्यांच्यासाठी. युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्याला महिना सहा हजार मिळतात, अठराव्या वर्षानंतर. ‘लेक लाडकी’ योजनेत मुलगी अकरावीत गेली की आठ हजार रुपये द्यायचं ठरलं आहे, पण ती १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलींसाठी. त्या मुली अकरावीला जातील तेव्हा २०३९ साल उजाडलेलं असेल. आठवीपर्यंत जेवण, गणवेश, पुस्तकं. बारावीनंतर निर्वाह भत्ता, फीमाफी, विद्यावेतन. मधल्या चार वर्षांवर, त्यातही अकरावी-बारावीच्या दोन वर्षांवर, पूलच बांधलेला नाही.

अनुसूचित जातीच्या मुलांसाठीची ‘स्वाधार’ याला काहीसा अपवाद. तिच्यात अकरावी-बारावी आहे आणि मोठ्या शहरांत वर्षाला ६० हजारांपर्यंतची रक्कम ठरवलेली आहे. पण ती गाव सोडून शहरात खोली करून राहणाऱ्यांसाठी आहे, सुरुवातीला तिला दहावीच्या साठ टक्क्यांची अट होती, आणि पैसे वर्ष संपायच्या सुमारास किंवा त्यानंतर हाती पडतात ही विद्यार्थ्यांची जुनी तक्रार आहे. दुसरा अपवाद राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीचा. आठवीला परीक्षा द्यायची, पास झालं की नववी ते बारावी महिना एक हजार. माझ्या मते शालेय वयासाठीची ही आपली सर्वांत नेटकी योजना आहे. सगळ्या जातींच्या मुलांना खुली आहे, रक्कम ठीक आहे, चार वर्षं टिकते. पण महाराष्ट्राचा तिच्यातला कोटा वर्षाला ११,६८२ मुलांचा, आणि दहावीला दरवर्षी राज्यात सोळा लाखांच्या आसपास मुलं बसतात. शंभरातल्या एकालाही ती मिळत नाही. शिवाय ती गुणांवर मिळते. गरीब घरातल्या मध्यम हुशारीच्या मुलाला कुणी विचारत नाही. सुखवस्तू घरातल्या मध्यम हुशारीच्या मुलाला अकरावीला बसण्यासाठी कसली परीक्षा द्यावी लागते? त्याला पंचावन्न टक्के मिळाले तरी घरचे त्याला पुढं शिकवतातच. पंचावन्न टक्क्यांवर शिकत राहण्याचा हक्क फक्त पैसेवाल्यांच्या मुलांना असावा, हे मला मान्य नाही.

या वयाच्या मुलांना थेट, नियमित पैसे देण्याचा मोठा प्रयोग इंग्लंडमध्ये झाला. तिथं सोळाव्या वर्षी शालान्त परीक्षा होते आणि पुढची दोन वर्षं आपल्या अकरावी-बारावीसारखी. सप्टेंबर १९९९ मध्ये पंधरा भागांत ‘एज्युकेशन मेंटेनन्स अलाउन्स’, ईएमए, नावाचा भत्ता प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाला आणि २००४ मध्ये तो देशभर लागू झाला. घरच्या उत्पन्नाप्रमाणे आठवड्याला दहा, वीस किंवा तीस पौंड. सर्वांत गरीब घरांना, म्हणजे सुमारे २१ हजार पौंडांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्यांना, तीस. पैसे थेट विद्यार्थ्याच्या स्वतःच्या खात्यात, आणि त्या आठवड्यात हजेरी लागली असेल तरच. मार्क विचारले जात नव्हते. वंश, धर्म विचारला जात नव्हता. ‘इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज’च्या संशोधकांनी प्रायोगिक भागांची इतर भागांशी तुलना केली तेव्हा पात्र मुलांमध्ये पहिल्या वर्षी शिक्षणात राहणाऱ्यांचं प्रमाण साडेचार टक्क्यांनी आणि दुसऱ्या वर्षी ६.७ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. दुसऱ्या वर्षीची वाढ मोठी आहे हे मला महत्त्वाचं वाटतं. मुलं दाखल झाली, एवढंच नव्हे तर टिकली.

मग २०१० मध्ये सरकार बदललं, खर्चकपात आली आणि ऑक्टोबरात ही योजना इंग्लंडमध्ये बंद करण्याचं जाहीर झालं. तिच्यावर वर्षाला ५६ कोटी पौंड खर्च होत होते आणि सहा लाखांहून अधिक मुलांना ती मिळत होती. बंद करण्यामागचं मुख्य कारण एका सर्वेक्षणातला आकडा होता: भत्ता घेणाऱ्यांपैकी फक्त बारा टक्के मुलांनी सांगितलं, की हा नसता तर आम्ही शिकलोच नसतो. सरकारनं त्याचा अर्थ लावला तो असा, की उरलेले अठ्ठ्याऐंशी टक्के पैसे वाया गेले. त्या हिवाळ्यात लंडनच्या रस्त्यांवर विद्यापीठांच्या फीवाढीविरुद्ध मोर्चे निघाले. त्यांत शाळकरी वयाची हजारो मुलं होती. फीवाढ त्यांना अजून लागलीही नव्हती, त्यांचा आठवड्याचा भत्ता जात होता. अर्थशास्त्रज्ञांचं म्हणणं वेगळं होतं: टिकलेल्यांची संख्या थोडी असली तरी त्यांना आयुष्यभर मिळणाऱ्या वाढीव कमाईतून योजनेचा खर्च भरून निघतो. योजना तरी गेलीच. तिच्या जागी १८ कोटी पौंडांचा निधी आला, त्यातला बहुतांश कॉलेजांनी आपापल्या निकषांनी वाटायचा. जो भत्ता मुलाचा हक्क होता, तो मागून मिळवायची मदत झाला. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडनं मात्र ईएमए चालू ठेवला आणि वेल्सनं २०२३ मध्ये तो तीसवरून चाळीस पौंड केला.

नंतरच्या अभ्यासांत इंग्लंडमधला परिणाम पहिल्या प्रयोगातल्यापेक्षा कमी दिसला, हेही सांगायला हवं. भत्ता मिळाला की सगळी मुलं टिकतात असा दावा मी करत नाही. पण अठ्ठ्याऐंशी टक्के वाया गेले हा हिशेब मुळातच चुकीचा आहे. शालेय पोषण आहारात जेवणारी बहुतेक मुलं जेवण नसतं तरी शाळेत आली असती. म्हणून ते जेवण वाया गेलं का? ती उपाशी शिकली नाहीत, हा परिणामच आहे. माझ्या वर्गात जी मुलं टिकतात त्यांतली कितीतरी शनिवार-रविवार लग्नात वाढपं करून, सोमवारी पहिल्या तासाला डोळे मिटत बसतात. भत्ता नसला तरी ती बारावी होतील. कशी होतील, किती टक्क्यांनी होतील, त्यानंतर त्यांच्यापुढं कोणते दरवाजे उघडे राहतील, हे ‘शिकलो असतो की नसतो’ या एका प्रश्नात मावत नाही.

आपल्याकडे ही चर्चा निघाली की स्टाफरूममध्ये पहिलं वाक्य येतं, ‘पोरं मोबाइल घेतील.’ काही घेतील. आमच्या पिढीतल्या मुलांनी स्कॉलरशिपच्या पैशांतून घड्याळं घेतली, सायकली घेतल्या, बहिणीला साडी घेतली, आणि शिकलीही. पगारदार माणूस पगाराचं काय करतो हे आपण विचारत नाही. गरिबाच्या मुलाच्या हातात दीड हजार पडले की मात्र प्रत्येकाला हिशेब हवा असतो. आणि आज पोर्टलवर अर्ज भरणं, वेळापत्रक पाहणं, सरावाचे पेपर सोडवणं सगळं मोबाइलवर होतं. त्याशिवाय अकरावी कशी करायची ते मलाही सांगता येणार नाही.

पैसे कुणाच्या खात्यात, हा प्रश्न त्याहून अवघड. मेक्सिकोनं आईला दिले, इंग्लंडनं मुलाला. आईच्या हातचे पैसे घरात नीट लागतात, हे खरं आहे. तरीही सोळाव्या वर्षी ते मुलाच्या किंवा मुलीच्या खात्यात जावेत असं मला वाटतं, आणि मुलींसाठी तर हे जास्तच खरं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्क्यांचं लग्न अठरा वर्षं पुरी होण्याआधी झालेलं आढळलं. बीडमध्ये ४३.७ टक्के, परभणीत ४८. ऊसतोडीला जाणाऱ्या घरात मुलीला मागं एकटं ठेवण्याची भीती असते, तिला सोबत न्यावं तर कॉलेज बुडतं, आणि लग्न लावून दिलं तर नवरा-बायकोचा एक नवा कोयता तयार होतो, मुकादमाकडून उचल मिळते. अशा घरात मुलीच्या शिकण्याच्या बाजूनं बोलायला कुठलाही आकडा नसतो. तिच्या नावावर दर महिन्याला काही येत असेल, आणि ती कॉलेजात आहे तोवरच येत असेल, तर घरातल्या बोलाचालीत तिच्याकडे पहिल्यांदा एक भक्कम मुद्दा येतो. पश्चिम बंगालनं २०१३ मध्ये ‘कन्याश्री’ सुरू केली ती याच विचारानं: तेरा ते अठरा वयात वार्षिक छोटी रक्कम, आणि अठरा पूर्ण होताना मुलगी शिकत असेल व अविवाहित असेल तर एकरकमी २५ हजार. दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतः चालवता येईल असं बँक खातं उघडायला रिझर्व्ह बँकेची परवानगी आहेच. अडथळा आपल्या मनातला आहे.

किती द्यावेत? मजुरीइतके कुणीच देऊ शकत नाही. महिन्यातले वीस दिवस काम केलं तर हे पोर पाच-सहा हजार आणतं. भत्त्यानं ते भरून काढायचं नाही. कॉलेजला जाण्याचा रोजचा खर्च घरावर पडू नये आणि मुलाला आठवड्याचे दोन दिवस मजुरीला जावं लागू नये, एवढं त्यानं करावं. माझ्या हिशेबानं आज त्याला महिना दीड हजार लागतील, दहा महिन्यांचे पंधरा हजार. बारावीच्या परीक्षेला राज्यात पंधरा लाखांच्या आसपास मुलं बसतात, म्हणजे दोन्ही वर्षांची मिळून तीस लाख धरू. त्यांतली एक तृतीयांश गरीब घरची मानली तर दहा लाख मुलांसाठी पंधराशे कोटी रुपये लागतील. ‘माझी लाडकी बहीण’ योजनेसाठी २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ३६ हजार कोटींची तरतूद होती. हे त्याच्या चोविसाव्या हिश्शाइतकं आहे. मला त्या योजनेचं वाईट वाटत नाही. माझ्या विद्यार्थ्यांच्या आयांना ते पैसे मिळतात आणि त्यांतून वह्याही येतात. उलट त्या योजनेनं एक जुनी सबब कायमची मोडून टाकली. ‘दर महिन्याला इतक्या लोकांच्या खात्यांत पैसे पाठवणं प्रशासनाला जमत नाही’ असं आता कुणी म्हणू शकत नाही. दोन कोटींहून अधिक खात्यांत ते गेले आहेत. दहा लाख मुलांच्या खात्यांत का जाऊ नयेत?

शिष्यवृत्तीचे पैसे आज कसे येतात ते ज्यानं अनुभवलं आहे त्याला या प्रश्नातली कळ समजेल. सेतू केंद्रावर उत्पन्नाचा दाखला, त्यासाठी तलाठ्याचा अहवाल, महाडीबीटीवर अर्ज, आधारशी जोडलेलं खातं. नावातल्या एका वेलांटीसाठी अर्ज परत. मग कॉलेजच्या लॉगिनला तपासणी, मग जिल्ह्याच्या कार्यालयात. बारावीचा निकाल लागून गेल्यावर अकरावीचा हप्ता आलेली मुलं मी पाहिली आहेत. एक मुलगा पैसे आल्याचा मेसेज दाखवायला आला तेव्हा तो पुण्यात एका गोदामात कामाला लागून आठ महिने झाले होते. त्यानं मला चहा पाजला. ज्या अडीच हजारांनी त्याला नोव्हेंबरात थोडा आधार दिला असता, ते त्याला जुलैत मिळाले. मदतीची रक्कम जितकी महत्त्वाची तितकीच तिची तारीख, आणि आपल्या योजनांत तारीख नावाची गोष्टच नाही. दहावीला जिचं उत्पन्न तपासलं गेलं आहे त्या मुलीचा अकरावीचा दाखला पुन्हा कशासाठी हवा? रेशनकार्ड पिवळं आहे, ते शासनानंच दिलेलं आहे. त्यावरून जुलैत पहिला हप्ता सुरू व्हावा आणि पडताळणी मागाहून चालू राहावी.

हजेरीच्या अटीबद्दल माझं मन थोडं कचरतं. अट नसेल तर भत्त्याचा शिक्षणाशी संबंध राहत नाही, हे खरं. पण ज्या शहरांत बड्या क्लासशी हातमिळवणी केलेल्या कॉलेजांत पैसेवाल्यांची मुलं एक दिवसही न येता हजेरी मिळवतात, तिथं फक्त गरिबाच्या मुलाची हजेरी मोजणं मला न्यायाचं वाटत नाही. आणि ऊसतोडीच्या घरातली मुलगी आजारी आजीला घेऊन दवाखान्यात गेली म्हणून तिचे त्या महिन्याचे पैसे कापणं तर नाहीच. इंग्लंडमध्ये हजेरी आठवड्याची होती. आपल्याकडे महिन्याची ठेवावी, ज्या गैरहजेरीचं कारण सांगितलं तिला सूट असावी, आणि सलग दोन आठवडे मूल दिसलं नाही तर पैसे थांबवण्याआधी वर्गशिक्षकानं घरी जावं. हे काम आम्ही करू. आज ते कुणी सांगत नाही म्हणून होत नाही. आणि घरी जाऊन बसल्यावर त्या आई-बापाला सांगण्यासारखं आमच्याकडेही काही नसतं.

एकदम राज्यभर करू नये, असंही मला वाटतं. इंग्लंडकडून घ्यायची तर ही गोष्ट घ्यावी: त्यांनी आधी पंधरा भागांत करून पाहिलं, तशाच इतर भागांशी तुलना केली आणि निकाल छापून लोकांपुढं ठेवला. आपल्याकडे योजना एकतर एकदम सगळीकडे येते किंवा येतच नाही, आणि तिनं काय साधलं हे पुढच्या निवडणुकीपर्यंत कुणी विचारत नाही. बीड आणि परभणीतले काही तालुके घ्यावेत, नंदुरबार, गडचिरोलीतले काही, आणि मुंबईतलं गोवंडी-मानखुर्द, कारण शहरातल्या गरिबीची चाल वेगळी असते. तीन वर्षं पाहावं. अकरावीत आलेल्यांपैकी बारावीला किती बसले, मुलींची लग्नं किती लांबली, हप्ता कोणत्या तारखेला पोचला. या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर दर महिन्याला कॉलेजच्या फळ्यावर लावावं. ज्या कार्यालयातून तो यायचा आहे त्या कार्यालयाच्या नावासकट.